विश्लेषण : हंगाम संपल्यावर संघ कसा बांधायचा? ब्रँच रिकी यांनी घालून दिलेली रीत

अमेरिकेत वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना झाला की बेसबॉलची मैदाने ओस पडतात, पण संघांच्या कचेऱ्यांत खरी लगबग तेव्हाच सुरू होते. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणाच्या बदल्यात कोणाला घ्यायचे, खालच्या संघातला मुलगा वर आणण्याइतका तयार झाला का, हा हिशेब फेब्रुवारीतल्या सराव शिबिरापर्यंत चालतो. आयपीएलसारखा लिलाव भरवून एक-दोन दिवसांत संघ उभा करण्याची पद्धत तिथे नाही. हा हिवाळी हिशेब मांडण्याची आजची रीत बऱ्याच अंशी ब्रँच रिकी यांनी घालून दिली. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी मेजर लीगचे दार उघडणारे व्यवस्थापक ही त्यांची जगभरची ओळख. मात्र रॉबिन्सन हाही त्यांच्या संघबांधणीच्या मोठ्या विचारातलाच एक भाग होता.

ब्रँच रिकी कोण होते?

वेस्ली ब्रँच रिकी यांचा जन्म २० डिसेंबर १८८१ रोजी ओहायो राज्यातील एका धार्मिक, मेथडिस्ट पंथाच्या शेतकरी कुटुंबात झाला. रविवारी सामना खेळायचा नाही हा नियम त्यांनी खेळाडू असताना कटाक्षाने पाळला. त्यापायी १९०४ मध्ये सिनसिनाटी संघाने त्यांना खेळण्याची संधी न देताच सोडून दिले.

खेळाडू म्हणून ते बेताचेच होते. कॅचर म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. प्रतिस्पर्धी धावपटूने पुढचा बेस चोरू नये, यासाठी अचूक आणि वेगवान फेकी करणे हे त्याचे मोठे काम. जून १९०७ मध्ये न्यूयॉर्ककडून खेळताना दुखऱ्या खांद्याच्या रिकींसमोर प्रतिस्पर्ध्यांनी एकाच सामन्यात १३ बेस चोरले. हा नकोसा विक्रम कायमचा त्यांच्या नावावर लागला. पुढे क्षयाने गाठले. त्यातून बरे होऊन त्यांनी १९११ मध्ये मिशिगन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. वकिली काही जमली नाही आणि ते बेसबॉलकडे परतले, ते संघ चालवण्यासाठी.

पैसा नसलेला संघ कसा उभारला?

१९१७ मध्ये रिकी सेंट लुईस कार्डिनल्स संघात आले. संघाची तिजोरी रिकामी होती. त्या काळी मायनर लीगचे छोटे संघ स्वतंत्र असत. ते खेळाडू घडवत आणि मेजर लीगच्या संघांना विकत. रिकी यांची पारख चांगली होती, पण तीच त्यांना महाग पडे. त्यांनी एखाद्या मुलात रस दाखवला की न्यूयॉर्क वा शिकागोचा धनिक संघ जास्त पैसे मोजून त्याला उचलून नेई.

यावर रिकींनी काढलेला तोडगा शेतकऱ्याच्या पोराला साजेसा होता. बाजारातून रोप विकत घेणे परवडत नसेल तर रोपवाटिकाच आपली हवी. १९२० मध्ये सॅम ब्रेडन संघाचे अध्यक्ष झाले. जुने मैदान विकून कार्डिनल्स दुसऱ्या संघाच्या मैदानावर भाडेकरू म्हणून गेले. हाती आलेला पैसा छोट्या संघांत गुंतवण्यात आला. ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिरॅक्यूज अशा गावांच्या संघांत वाटा घेऊन सुरुवात झाली. शेकडो मुलांची मोफत चाचणी घ्यायची, थोड्या पैशांत करार करायचा, पायरीपायरीने वर चढवायचे आणि टिकेल त्याला सेंट लुईसला आणायचे, अशी ती साखळी होती. यालाच पुढे फार्म सिस्टीम म्हणू लागले.

फळ यायला काही वर्षे लागली. १९२५ मध्ये प्रशिक्षकपद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले, पण खेळाडू निवडीचे काम त्यांच्याकडेच राहिले. १९२६ मध्ये कार्डिनल्सने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. नंतर १९३१, १९३४ आणि १९४२ मध्येही विजेतेपद आले. १९४० च्या सुमारास या साखळीत तीसहून अधिक संघ आणि सहाशेहून अधिक खेळाडू होते.

मोठे खेळाडू ते का विकत?

रिकींचा दुसरा नियम प्रेक्षकांना अजिबात आवडत नसे. खेळाडू उतरणीला लागल्यावर त्याला विकण्यापेक्षा वर्षभर आधी विकणे बरे, असे ते मानत. कारण चाहता खेळाडूची मागची कामगिरी आठवून टाळ्या वाजवतो, तर व्यवस्थापकाला पुढच्या तीन वर्षांचे दाम मोजायचे असतात.

डिझी डीन हे याचे गाजलेले उदाहरण. १९३४ मध्ये ३० सामने जिंकून देणारा हा पिचर सेंट लुईसचा लाडका होता. १९३७ मध्ये पायाच्या बोटाला दुखापत झाली, चेंडू टाकण्याची ढब बदलली आणि खांदा गेला. १९३८ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर रिकींनी त्याला शिकागो कब्जकडे पाठवले आणि बदल्यात तीन खेळाडू व १,८५,००० डॉलर घेतले. डीनला जुनी धार पुन्हा गवसली नाही.

हा अंदाज दर वेळी खरा ठरला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये विकलेल्या जॉनी माइझने १९४७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून ५१ होमरन मारले. तरीही माइझ गेल्यानंतरच्याच हंगामात कार्डिनल्सने १०६ सामने जिंकले आणि यँकीजला हरवून वर्ल्ड सिरीजही घेतली. त्या संघातले बहुतेक खेळाडू स्वतःच्या रोपवाटिकेतले होते. २१ वर्षांचा स्टॅन म्युझियल त्यांपैकीच एक. मोठा खेळाडू विकण्याचे धाडस कोणाला परवडते, याचे उत्तर या हंगामात मिळते. ज्याच्याकडे मागे दुसरा तयार असतो, त्याला.

खेळाडूंच्या वाट्याला काय आले?

या यंत्रणेची दुसरी बाजू कडवट आहे. तेव्हाच्या करारातील राखीव कलमानुसार खेळाडू एकदा संघाचा झाला की मालक सोडेपर्यंत त्याचाच राहत असे. दुसरीकडे जास्त पगार मागण्याची सोय नव्हती. सेंट लुईसमध्ये खेळाडूंच्या विक्रीतून होणाऱ्या कमाईत रिकींना वाटा मिळे. त्यामुळे खेळाडू विकण्यात संघाचे हित किती आणि त्यांचे स्वतःचे किती, अशी शंका घेतली जाई. पगाराच्या वाटाघाटीत ते इतके चिवट असत की कंजूष हे विशेषण त्यांना आयुष्यभर चिकटले.

बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांना ही साखळी कधीच पसंत नव्हती. एकाच मायनर लीगमधील एकापेक्षा जास्त संघांवर कार्डिनल्सचा छुपा ताबा असल्याचे आढळल्यावर त्यांनी १९३८ मध्ये सत्तरहून अधिक खेळाडूंना मुक्त केले. त्यांतला पीट रायझर पुढे ब्रुकलिनला गेला आणि १९४१ मध्ये नॅशनल लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला. वर जागा नसताना अशी किती गुणी मुले खाली अडकून पडली असतील, याची कल्पना या एका नावावरून येते.

युद्धकाळात कोणती चाल खेळली?

१९४२ च्या अखेरीस रिकी ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख झाले. दुसरे महायुद्ध सुरू होते. खेळाडू सैन्यात जात होते आणि बहुतेक संघांनी नव्या मुलांचा शोध आवरता घेतला होता. रिकींनी तो वाढवला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांशी करार केले. ती युद्धावर जातील आणि परततील तेव्हा संघ तयार असेल, असा हिशेब होता. ड्यूक स्नायडर आणि गिल हॉजेस याच काळात डॉजर्सकडे आले.

संघबांधणीतली साधनेही त्यांनी बदलली. १९४७ मध्ये अ‍ॅलन रॉथ या कॅनडाच्या संख्याशास्त्रज्ञाला पूर्णवेळ नेमले. केवळ फटक्यांची सरासरी न पाहता फलंदाज कोणत्याही मार्गाने किती वेळा बेसवर पोहोचतो हे मोजण्यावर दोघांचा भर होता. फ्लोरिडातील व्हेरो बीच येथे नौदलाच्या जुन्या तळावर त्यांनी सराव केंद्र उभारले. मेजर लीगचा तारा आणि खालच्या संघातला नवखा मुलगा तिथे एकाच पद्धतीने शिकत.

जॅकी रॉबिन्सन : न्याय की संघबांधणी?

मेजर लीगमध्ये अनेक दशके कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. तरुणपणी रिकी ओहायोतील महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षक असताना इंडियानातील एका हॉटेलने चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला खोली नाकारली. रिकींनी आग्रह धरून त्याची झोपण्याची सोय स्वतःच्या खोलीत केली. तो अपमान ते विसरले नाहीत. व्यवस्थापक म्हणून त्यांना आणखी एक गोष्ट दिसत होती. देशातले काही उत्तम खेळाडू असे होते, ज्यांच्यासाठी दुसरा कोणताही मेजर लीग संघ बोलीच लावत नव्हता.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी रॉबिन्सनला ब्रुकलिनच्या कचेरीत बोलावले. शिव्या, धमक्या, अंगावर येणारे प्रतिस्पर्धी यांची कल्पना देऊन सुरुवातीच्या काळात उलट वार न करण्याचे वचन घेतले. १९४६ मध्ये रॉबिन्सन मॉन्ट्रियलच्या संघातून खेळला आणि १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, १९४९ मध्ये नॅशनल लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू. रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम हेही पाठोपाठ आले.

मात्र रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता, त्या निग्रो लीगमधल्या संघाला रिकींनी एक डॉलरही दिला नाही. अन्याय मोडणारा हा निर्णय सर्वात स्वस्तात झालेली खरेदीही होती. रिकींच्या स्वभावात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत.

पिट्सबर्गमध्ये काय घडले?

भागीदार वॉल्टर ओमॅली यांच्याशी बिनसल्याने १९५० मध्ये रिकी ब्रुकलिन सोडून पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. हा तळाचा संघ होता. त्यांनी अनुभवी खेळाडू काढून कोवळी पोरे मैदानात उतरवली. १९५२ मध्ये संघाने ४२ सामने जिंकले आणि ११२ गमावले. सलग सात हंगाम होमरनमध्ये नॅशनल लीगच्या अग्रस्थानी राहिलेल्या राल्फ कायनरचा पगार त्यांनी कापला आणि १९५३ मध्ये त्याला विकूनही टाकले. शहर संतापले. त्यातच कोरियन युद्धाच्या काळात व्हर्न लॉ आणि डिक ग्रोट हे दोन भरवशाचे तरुण सैन्यात गेले. १९५२ पासून सलग चार वर्षे संघ शेवटचा आला.

याच अंधारात नोव्हेंबर १९५४ उजाडला. दुसऱ्या संघाने खालच्या फळीत ठेवलेला खेळाडू ठरावीक रकमेत उचलण्याची सोय देणारी निवड दर हिवाळ्यात होई. शेवटच्या क्रमांकामुळे पिट्सबर्गला पहिली संधी होती. डॉजर्सने मॉन्ट्रियलच्या संघात ठेवलेला पोर्तो रिकोचा वीस वर्षांचा रॉबर्टो क्लेमेंटे त्यांनी ४,००० डॉलरना घेतला. त्याला हेरणाऱ्यांत क्लाइड सुकफोर्थ होते. १९४५ मध्ये रॉबिन्सनला रिकींच्या भेटीला आणणारेही तेच.

१९५५ च्या हंगामानंतर रिकींना बाजूला व्हावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या जो ब्राउन यांनी पाया हलवला नाही. १९५८ मध्ये संघ दुसऱ्या क्रमांकावर आल्यावर, जानेवारी १९५९ मध्ये एकाच व्यवहारात सिनसिनाटीकडून डॉन होक, स्मोकी बर्जेस आणि हार्वे हॅडिक्स हे तीन अनुभवी खेळाडू आणून त्यांनी उरलेल्या जागा भरल्या. १३ ऑक्टोबर १९६० रोजी यँकीजविरुद्धच्या सातव्या सामन्यात बिल मॅझेरॉस्कीच्या होमरनने पिट्सबर्गने वर्ल्ड सिरीज जिंकली. मॅझेरॉस्की, ग्रोट, क्लेमेंटे, पिचर रॉय फेस हे सारे रिकींच्या काळात आलेले होते. विजयाच्या वेळी रिकी मात्र पदावर नव्हते.

आज त्यातले काय उरले?

नोव्हेंबर १९६५ मध्ये मिझुरीतील एका सन्मान सोहळ्यात भाषण करताना रिकी कोसळले आणि ९ डिसेंबरला वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नवोदित खेळाडूंची सामायिक निवड पद्धत सुरू झाली आणि हव्या तितक्या मुलांना करारबद्ध करण्याचा काळ संपला. १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने राखीव कलमाची पकडही सुटली. आता ठरावीक वर्षे खेळल्यावर खेळाडू मोकळा होतो आणि हिवाळ्यात स्वतःचे मोल स्वतः ठरवू शकतो.

तरीही तळाच्या संघासमोर नोव्हेंबरमध्ये तेच प्रश्न असतात. आपण विजेतेपदापासून एक पाऊल दूर आहोत की पाच वर्षे? पहिल्या स्थितीत पिट्सबर्गने १९५९ मध्ये केले तसे उणिवांपुरते अनुभवी खेळाडू घ्यावेत. दुसऱ्या स्थितीत महागडा तारा आणून तिकिटे खपतील, क्रमांक सुधारणार नाही. तिथे वय वाढलेल्यांना किंमत असेपर्यंत विकणे, इतरांनी दुर्लक्षिलेल्या मुलांचा शोध घेणे आणि त्यांना शिकवणाऱ्यांवर खर्च करणे हाच मार्ग उरतो. २०१२ मध्ये १०१ सामने हरलेल्या शिकागो कब्जने २०१६ मध्ये विजेतेपद मिळवले, तेही बव्हंशी याच वाटेने.

नुसते हरून मात्र संघ उभा राहत नाही. पराभवाच्या वर्षांत खाली पोरे घडत असतील तरच त्या वर्षांना अर्थ असतो. नाहीतर प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे देऊन मालकाची बचत तेवढी पाहिलेली असते.