लिओ फेंडर: गिटार न वाजवणारा माणूस आणि व्हायब्रेटोचा नावगोंधळ

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी जळगावला कॉलेजात होतो. गॅदरिंगमध्ये आमचा चार जणांचा ग्रुप एक अहिराणी गाणं वाजवणार होता. सुरुवातीला गिटारचा सूर पाण्यावर तरंगल्यासारखा हलला पाहिजे, अशी माझी हौस. म्हणजे व्हायब्रेटो इफेक्ट. चार महिने पैसे साठवून साडेतीन हजार जमवले होते. ऑनलाइन शोधताना कुठे व्हायब्रेटो लिहिलेलं दिसायचं, कुठे ट्रेमोलो. गिटारच्या ज्या दांडीने सूर हलतो तिलाही ट्रेमोलोच म्हणतात, असं वाचलं. म्हटलं, दोन्ही एकच असणार. बजेटमध्ये बसत होतं म्हणून ट्रेमोलोचं पेडल मागवून मोकळा झालो.

पेडल आलं, जोडलं, आणि सूर काही जागचा हलेना! नुसता आवाज लहान-मोठा, लहान-मोठा, खराब झालेल्या ट्यूबलाइटसारखा. विकणाऱ्याची काहीच चूक नव्हती. त्याने ट्रेमोलो लिहिलं होतं आणि ट्रेमोलोच पाठवलं होतं. ऐकून न घेता नाव वाचून घेतलं, ही माझी घाई. गॅदरिंगला नऊ दिवस उरले होते आणि खिसा रिकामा.

रविवारी एसटी पकडली आणि एरंडोल, पारोळा करत धुळ्याला मामांकडे गेलो. मामांचं आग्रा रोडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान. आता रेडिओ कोणी आणत नाही, रिमोट आणि सेटटॉप बॉक्सच जास्त येतात. मामांनी काय केलं ते पुढे सांगतो. पण माझ्या घोळाच्या मुळाशी असलेला माणूसही रेडिओ दुरुस्तीवालाच निघाला. त्याचं नाव लिओ फेंडर.

संत्र्याच्या बागेतला पोरगा

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. अॅनाहाइम आणि फुलरटन या गावांजवळ त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आपल्याकडे रावेर-यावलच्या पोराच्या घरी केळीची बाग असते, तसंच समजा. लहानपणीच आजारात त्याचा एक डोळा गेला आणि काचेचा डोळा बसवावा लागला.

त्याच्या एका अंकलचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. इंग्रजीत काका आणि मामा दोघांना एकच शब्द, त्यामुळे मी आपला मामाच धरून चालतो. त्यांनी लिओला टाकाऊ रेडिओच्या सुट्या भागांचा खोका दिला. पुढे त्यांच्या दुकानात त्याने सुट्या भागांतून जोडलेला, मोठ्या आवाजात वाजणारा रेडिओ पाहिला आणि पोराचं डोकं कायमचं त्यातच अडकलं.

गंमत म्हणजे तो इंजिनिअर झालाच नाही. शिकला अकाउंटिंग, नोकरी केली हिशेबनिसाची. मंदीच्या काळात ती नोकरी गेली. मग १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलरटनला फेंडर रेडिओ सर्व्हिस हे दुकान काढलं.

दुकानात येणारे वादक

दुकानात रेडिओ यायचे, तसे वादकही यायचे. कोणाचा ॲम्प्लिफायर खरखरायचा, कोणाचा माइक बंद पडलेला. लिओला सॅक्सोफोन थोडाफार यायचा, गिटार मात्र वाजवता येत नव्हती. त्यामुळे त्याला एक सवय लागली. काहीही बनवलं की ते वादकाच्या हातात द्यायचं आणि तक्रार ऐकायची.

इथे आणखी एक नाव येतं, डॉक कॉफमन. स्वतः वादक असलेल्या या माणसाने आधीच गिटारच्या तारांचा सूर हलवणारं एक यंत्र शोधलं होतं, व्हायब्रोला. लिओ आणि डॉक यांनी १९४५ च्या सुमारास के अँड एफ नावाची कंपनी काढून हवाईयन गिटार आणि ॲम्प बनवले. धंद्यातल्या जोखमीची धास्ती घेऊन डॉक १९४६ मध्ये बाहेर पडला. लिओ थांबला नाही. त्याने फेंडर कंपनी उभी केली.

१९५० मध्ये त्याची सलग लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिचं ब्रॉडकास्टर हे नाव दुसऱ्या कंपनीच्या ड्रमशी जुळत होतं, म्हणून ती टेलिकास्टर झाली. तिची मान डिंकाने न चिकटवता स्क्रूने बसवलेली होती. खराब झाली की काढा, दुसरी लावा. हा विचार दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसालाच सुचतो. वस्तू बिघडणारच, हे तो धरूनच चालतो.

दांडी, सहा स्क्रू आणि स्प्रिंगा

१९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. गल्लीतल्या कोणालाही गिटारचं चित्र काढायला सांगा, बऱ्याचदा तिचाच आकार निघतो. तिच्यासाठी लिओला सूर हलवणारी दांडी हवी होती. पहिलं डिझाइन तयार झालं, पण त्यात गिटारचा आवाजच पातळ झाला. लिओने ते बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली.

दुसरं डिझाइन असं: सगळ्या तारा एका पुलावर बसतात, तो पूल पुढच्या बाजूला सहा स्क्रूंवर टेकतो आणि खाली लोखंडी ठोकळा असतो. गिटारच्या पाठीत पोकळी करून तिथे स्प्रिंगा लावलेल्या. समोरून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि पूल मधोमध तोलून राहतो. दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर उतरतो. सोडली की स्प्रिंगा त्याला जागेवर आणतात. हळूहळू दाबत-सोडत राहिलात की सूर झुलायला लागतो. वीज नको, बॅटरी नको.

पाट्या उलट्या लागल्या

आता माझा घोळ कुठे झाला ते बघा.

संगीतात सूर वर-खाली हलला तर तो व्हायब्रेटो. सतारीची तार ओढतात किंवा गायक एखाद्या सुरावर आंदोलन घेतात, तसा. सूर तोच राहून फक्त आवाज लहान-मोठा झाला तर तो ट्रेमोलो. हार्मोनियमची पट्टी दाबून धरायची आणि भाता कमी-जास्त दाबायचा, तसा.

लिओच्या दांडीने सूर हलतो, म्हणजे ती व्हायब्रेटोची दांडी. पण पेटंटमध्ये आणि जाहिरातीत तिचं नाव पडलं ट्रेमोलो. उलट, त्याच्या ॲम्पमध्ये आवाज लहान-मोठा करणारं सर्किट होतं. १९६० च्या दशकातल्या अनेक मॉडेलांत त्यासाठी एक छोटा दिवा लुकलुकायचा आणि शेजारचा उजेड ओळखणारा रेझिस्टर त्या तालावर आवाज कमी-जास्त करायचा. हा झाला ट्रेमोलो. पण पॅनेलवर छापलं व्हायब्रेटो!

गिटार जगभर गेली, नावंही तशीच गेली. आजही दुकानात त्या दांडीला ट्रेमोलो बारच म्हणतात.

मामांची टेस्ट

मामांना गिटारमधलं काही कळत नाही. त्यांनी माझं पेडल ऐकलं आणि फोनमध्ये गिटार ट्यूनर ॲप उघडायला लावलं. एक तार छेडली, ट्यूनरचा काटा मध्यावर थांबला. पेडल चालू केलं, आवाज धडधडायला लागला, पण काटा जवळपास जागेवरच. मामा म्हणाले ते थोडक्यात असं, की इथे व्हॉल्यूम हलतोय, सूर नाही.

ही टेस्ट तुम्हीही करू शकता. वेग कमी ठेवा आणि एकच तार वाजवा. काटा डावी-उजवीकडे झुलला तर व्हायब्रेटो, नाही झुलला तर ट्रेमोलो. ऑनलाइन डेमो व्हिडिओचा आवाज दुसऱ्या फोनवरच्या ट्यूनरला ऐकवला तरी चालतं. पैसे भरायच्या आधी एवढं करा.

मग मामांनी माझी गिटार उलटी केली आणि पाठीमागचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत स्प्रिंगा होत्या. माझी गिटार म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची स्वस्तातली नक्कल. दांडी तिच्यासोबतच आली होती आणि दोन वर्षं बॅगच्या खिशात पडून होती. मामांनी ती पुलावरच्या भोकात फिरवून बसवली. मी हलकेच दाबली. जो आवाज मी साडेतीन हजारांत शोधत होतो, तो माझ्याच गिटारमध्ये होता.

मग कमी पैशात घ्यायचं काय?

१. आधी गिटार बघा. दांडीची सोय असेल तर तीच वापरा. स्वस्त गिटारमध्ये दांडी वापरल्यावर तारा बेसूर होतात. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला असलेल्या पट्टीच्या, खाचांत पेन्सिलचं शिसं घासा. तार अडकत नाही आणि फरक पडतो.

२. पेडलच हवं असेल तर आतलं काम समजून घ्या. व्हायब्रेटो पेडल आवाज काही मिलिसेकंद अडवून धरतं आणि ती वेळ सतत कमी-जास्त करतं. हायवेवर ट्रक जवळ येताना हॉर्न चढा लागतो आणि पुढे गेल्यावर उतरतो, तसाच परिणाम होतो. वेगासाठी रेट आणि खोलीसाठी डेप्थ, ही दोन बटणं असली तरी पुरतात.

३. हाच हलणारा आवाज मूळ आवाजात मिसळला की होतो कोरस. म्हणून कोरस पेडलला मिक्सचं बटण असेल आणि मूळ आवाज पूर्ण बंद होत असेल, तर एका पेडलमध्ये दोन कामं होतात. सगळ्या कोरसना हे जमत नाही, त्यामुळे घेण्याआधी तपासा.

४. एकच इफेक्ट घेण्यापेक्षा सेकंडहँड मल्टीइफेक्ट परवडू शकतं. मात्र त्याच्या यादीत व्हायब्रेटो वेगळा आहे का, ते बघा.

५. फोनवरचं ॲप वापरणार असाल तर अनेक अँड्रॉइड फोनवर आवाज उशिरा येतो. लाइव्ह वाजवण्याऐवजी आधी साधा आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर इफेक्ट लावा.

६. पेडलला वायफाय राउटरचा ॲडाप्टर लावू नका. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग मायनस असतो. राउटरचं बऱ्याचदा उलटं असतं. पेडल जळू शकतं.

पुढे लिओचं काय झालं?

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून लिओ आजारी असायचा. आपण फार जगणार नाही असं वाटून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरला विकली. नंतर योग्य उपचार मिळाले आणि तो बरा झाला. पण स्वतःचं नाव असलेली कंपनी आता त्याची नव्हती.

हा माणूस तरी घरी बसला नाही. आधी म्युझिक मॅन आणि मग १९८० च्या सुमारास जी अँड एल अशा कंपन्यांसाठी तो पुन्हा गिटार बनवू लागला, त्याही फुलरटनमध्येच. पार्किन्सन जडल्यावरही तो कामावर जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. गिटार वाजवायला तो शेवटपर्यंत शिकला नाही.

आमचं गाणं गॅदरिंगला झालं. दुसऱ्या कडव्यात एक तार थोडी उतरली, पण सुरुवातीचा सूर मला हवा तसा तरंगला. ते ट्रेमोलो पेडल मी विकलं नाही. मामांच्या दुकानात ठेवलंय. धुळ्याला गेलो की मामा ते जुन्या स्पीकरला जोडायला लावतात, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं वाजवत बसतो.