खिडकीबाहेर काहीच नसलेलं विमान

हॉस्टेलमध्ये ज्याच्या रूमवर फ्लाइट सिम्युलेटर असतो, त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग कायम असतो. सुरुवातीला नुसतं विमान उडवायला मिळालं तरी पुरे वाटतं. मग हळूहळू दुसराच नाद लागतो. सीनरीचा! मूळ गेममधला लहान विमानतळ म्हणजे करड्या रंगाची एक पट्टी आणि शेजारी चार खोकी. त्यात काय मजा? मग कुठल्यातरी हौशी माणसाने रात्र रात्र जागून बनवलेला ऍड-ऑन शोधायचा. त्यात हँगर असतात, पाण्याची टाकी असते, टॅक्सीवेवरचे पिवळे पट्टेसुद्धा जागच्या जागी. शिकागोचं मेग्ज फील्ड हे विमानतळ मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कित्येक वर्षं सुरुवातीचं ठिकाण होतं. मार्च २००३ मध्ये एका रात्रीत त्याच्या धावपट्टीवर बुलडोझर फिरले. पण हौशी लोकांनी केलेल्या सीनरीमध्ये ते आजही शाबूत आहे!

तर आमच्या विंगमध्ये एकदा असाच नवा कोरा विमानतळ टाकला. सगळे जमले. आणि कुणीतरी आगाऊपणा करून हवामान धुक्याचं केलं. झालं! हँगर गेले, टाकी गेली, धावपट्टीही गेली. पुढच्या दोन मिनिटांत विमान तिरकं होऊन जमिनीत. सगळे हसले, पुन्हा स्टार्ट केलं, आणि पुढच्याचा नंबर आला.

हे 'पुन्हा स्टार्ट' ज्या माणसामुळे शक्य झालं, त्याची ही गोष्ट. नाव एडविन लिंक.

लिंकचा जन्म २६ जुलै १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. तो लहान असतानाच, १९१० मध्ये, वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी वाद्यांचा एक बुडीत कारखाना विकत घेतला. तिथे थिएटरसाठी ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनायचे. भोकं पाडलेला कागदाचा रोल फिरायचा, भोकातून हवा आत शिरायची आणि त्या हवेच्या जोरावर पट्ट्या दबायच्या. आपल्या भजनातल्या पेटीला जसा भाता असतो, तसे भाते या वाद्यांच्या पोटात असत. एडविन यातच वाढला. कॉलेजची डिग्री त्याने कधी घेतली नाही. त्याचं इंजिनिअरिंग झालं ते या भात्यांमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये.

१९२० साली, सोळाव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियात विमान शिकायचा पहिला धडा घेतला. चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी याची ती कंपनी होती. धड्याचे पन्नास डॉलर मोजले आणि त्याला मिळालं काय? उस्तादाने आकाशात कोलांट्याउड्या मारून दाखवल्या, पण एकदाही कंट्रोलला हात लावू दिला नाही! तेव्हाच्या पन्नास डॉलरमध्ये एखाद्याची महिन्याची भाजी-भाकरी सुटली असती. हा मुलगा पुढे विमान शिकला, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. जमिनीवर बसून, स्वस्तात आणि न मरता उडायला शिकता येणार नाही का?

१९२७ ते १९२९ या काळात कारखान्याच्या तळघरात त्याने उत्तर तयार केलं. एक आखूड लाकडी विमान, छोटे पंख, आणि खाली एक खांब ज्यावर ते सगळ्या बाजूंना झुकू शकेल. पोटाखाली ऑर्गनचेच भाते. काठी डावीकडे ढकलली की व्हॉल्व्ह उघडायचा, एका भात्यातली हवा खेचली जायची, तो आकसायचा आणि विमान डावीकडे कलायचं. गोल फिरवायलाही पियानोच्याच जातीची हवेवर चालणारी मोटर. १९३१ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी मॅरियन क्लेटन हिच्याशी लग्न झालं आणि पुढे ती त्याच्या प्रत्येक उद्योगात भागीदार राहिली.

पण गिऱ्हाईक कोण? विमान शिकवणाऱ्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. यंत्र विकलं गेलं ते चक्क जत्रेतल्या पाळण्यांच्या शेजारी, मनोरंजनाच्या बागांमध्ये. मंदीचे दिवस होते. पोटासाठी लिंकने विमानाच्या पंखाखाली दिव्यांची पाटी लावून रात्री जाहिराती फिरवल्या. त्यातले दिवे चालू-बंद करायलासुद्धा पियानोच्या रोलचीच युक्ती! पण या रात्रीच्या फेऱ्यांनी त्याला फार मोठी गोष्ट शिकवली, ती म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर विमान चालवणं.

इथे थोडं थांबून समजून घेऊ. ढगात शिरल्यावर विमान हळूहळू वळायला लागलं, तर शरीराला ते कळत नाही. तोल सांभाळणारा कानातला द्रव त्या वळणाला सरावतो आणि मेंदूला सांगतो की सगळं सरळ आहे. वैमानिक आपल्या अंगाच्या भावनेवर विश्वास ठेवतो आणि घिरट्या घालत खाली येतो. त्या काळात कितीतरी चांगले वैमानिक असेच गेले. उपाय एकच, समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवणं. पण आतून शरीर ओरडून वेगळंच सांगत असताना काट्यावर विश्वास ठेवायला सराव लागतो, आणि तो खऱ्या ढगात करायचा म्हणजे जिवाशी खेळ.

लिंकने आपल्या यंत्रात उपकरणं बसवली आणि वरून झाकण लावलं. आत बसलेल्याला बाहेरचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. सीनरी शून्य! मग विमानतळ कुठे होता? तो होता बाहेर, शिकवणाऱ्याच्या टेबलावर, नकाशाच्या कागदावर. त्या कागदावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र फिरायचं आणि विद्यार्थी कुठून कुठे 'उडाला' ते शाईने काढत जायचं. शिकवणारा ते बघून हेडफोनमध्ये रेडिओचे संकेत पाठवायचा. ते कानाने ऐकून आणि काटे बघून विद्यार्थ्याने त्या कागदी विमानतळापर्यंत पोहोचायचं. झाकण उघडल्यावर आपली वेडीवाकडी रेघ समोर! चूक झाली? हरकत नाही, पुन्हा बस.

१९३४ च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने विमानाने टपाल नेण्याचं काम खाजगी कंपन्यांकडून काढून सैन्याकडे दिलं. सैन्याच्या वैमानिकांना ढगात आणि रात्री उडवायची फारशी सवय नव्हती. कडाक्याच्या हिवाळ्यात काही आठवड्यांतच डझनभर माणसं गेली. याच धामधुमीत सैन्याचे काही अधिकारी लिंकला भेटायला नेवार्कच्या विमानतळावर आले. त्या दिवशी इतकं खराब हवामान होतं की तो येणारच नाही असं धरून ते निघायच्या तयारीत होते. एवढ्यात त्या धुक्यातून लिंकचं विमान खाली उतरलं. आणखी काय सांगायला हवं होतं? सैन्याने सहा यंत्रं मागवली, एकेक सुमारे साडेतीन हजार डॉलरला.

पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि निळ्या रंगाची ही 'ब्लू बॉक्स' हजारोंनी बनली. पाच लाखांहून अधिक लोक त्यात बसून शिकले. १९४१ मध्ये लिंकने ताऱ्यांवरून दिशा शोधायला शिकवणारा ट्रेनरही केला. जवळजवळ पंचेचाळीस फूट उंच इमारत, वर घुमटात तारे आणि खाली सरकणारी जमिनीची चित्रं! आपण आज जी सीनरी गेममध्ये टाकतो, तिची पणजीच म्हणा ना.

१९५४ मध्ये कंपनी विकून लिंक समुद्राकडे वळला. माणसाला खोल पाण्यात राहता यावं म्हणून साधनं बनवू लागला, पाणबुड्या बांधू लागला. आणि इथे नियतीने त्याला गाठलं. १७ जून १९७३ रोजी फ्लोरिडाजवळ 'जॉन्सन सी लिंक' ही छोटी पाणबुडी एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. सुटका व्हायला दिवसाहून जास्त वेळ लागला. मागच्या कप्प्यातल्या थंडीत हवा शुद्ध करणारं रसायन नीट काम करेना. त्या कप्प्यातले दोघं वाचले नाहीत. त्यातला एक होता लिंकचा एकतीस वर्षांचा मुलगा, क्लेटन.

लाखो अनोळखी मुलांना त्याने जमिनीवर बसून चुका करायची सोय करून दिली होती. स्वतःच्या मुलाला मात्र 'पुन्हा बस' म्हणायची संधी मिळाली नाही. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा दुसरं काय करणार? पण तो पुन्हा टेबलाशी बसला आणि अडकलेल्या पाणबुडीपर्यंत पोहोचून तिला सोडवणारं, माणसाशिवाय चालणारं यंत्र बनवायला लागला. ७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टनलाच तो गेला.

मित्रांनो, सीनरी जरूर टाका. ज्यांनी ती बनवली त्यांच्या कष्टाला दाद द्या. पण एखाद्या रात्री हवामान धुक्याचं करून बघा. बाहेर काही दिसणार नाही. मग काट्यांकडे बघा. आपटलात तर हसा आणि पुन्हा सुरू करा. तेवढ्यापुरती त्या पेटीवाल्याची आठवण काढा, म्हणजे झालं.