दोन टोके, अनेक वाटा

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात एक श्रद्धा घर करून बसते : गणिताला उत्तर एकच. आरंभीची शिल्लक ठाऊक, अखेरची ठाऊक. मग मधल्या नोंदी जुळल्याच पाहिजेत. निवृत्तीनंतर लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाचे चरित्र हाती आले आणि माझ्या या श्रद्धेला सुरुंग लागला.

ऑयलर १७०७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जन्मला. वडील पाद्री. मुलानेही तीच वाट धरावी ही त्यांची इच्छा. योहान बेर्नुलीने त्यांचे मन वळवले. विसाव्या वर्षी ऑयलर सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेला. तिथे उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ मध्ये फ्रेडरिक राजाच्या बोलावण्यावरून तो बर्लिनला आला.

योहानचा मुलगा डॅनिएल त्याचा मित्र. दाबाखाली वाकणाऱ्या लवचिक पट्टीचा प्रश्न त्याने पत्रातून सुचवला. १७४४ च्या ग्रंथात ऑयलरने तो सोडवला. अटी दोन टोकांच्या, शोधायचा मधला आकार. समीकरण सोपे करून घेतले, तर पट्टी नेमकी किती वाकेल ते कळत नाही. ऑयलरने मूळचे अवघड, अरेषीय समीकरणच घेतले आणि वक्रांचे नऊ प्रकार मांडले.

वाचकांनी एक लवचिक पट्टी दोन तळव्यांत धरून हळूहळू दाबून पाहावी. थोड्या दाबाला ती सरळच राहते, उत्तर एकच. एक मर्यादा ओलांडली की उत्तरे तीन होतात : सरळ, डावीकडे वाकलेली, उजवीकडे वाकलेली. टोके तीच, दाबही तोच! मर्यादेच्या चौपटीपुढे नागमोडी आकाराची आणखी दोन उत्तरे येतात, नऊपटीपुढे आणखी दोन. सरळ उत्तर कागदावर कायम असते. पण जरासा धक्का लागला की पट्टी एक बाजू धरते. हे केवळ कागदावरचे कौतुक नव्हे. त्याच जाडीचा सडपातळ खांब दुप्पट उंच केला, तर तो चौथ्या हिश्श्याच्या भारालाच वाकतो. उंच खांब उभारणाऱ्याला हे विसरून चालत नाही.

फ्रेडरिकला हा साधा, धार्मिक माणूस कधी रुचला नाही. त्याच्या एका डोळ्याचीही राजाने टवाळी केली. १७६६ मध्ये ऑयलर पीटर्सबर्गला परतला. १७७१ मध्ये घर आगीत गेले. त्याच वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर थोडे दिसू लागले, आणि पुन्हा अंधार झाला. १७७३ मध्ये पत्नी गेली. इतक्या भाराखाली माणूस मोडला असता, तर कोणी दोष दिला नसता. ऑयलर मुलांना आणि सहकाऱ्यांना तोंडी मजकूर सांगत राहिला. त्याच्या एकूण लेखनापैकी जवळजवळ निम्मे या अखेरच्या पर्वातले आहे. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेची चर्चा करून झाल्यावर, तो गेला.

कादंबरी लिहिताना पात्राचा जन्म आणि शेवट ठरवला की सारे ठरले, असे वाटते. तसे नसते. भार वाढला की वाटा फुटतात. त्यातली कोणती धरायची, हे टोके सांगत नाहीत.