झेन ग्रे
झेन ग्रे ह्यांचा जन्म १८७२ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत झाला. प्रथम दंतवैद्य व पुढें नामांकित कादंबरीकार झालेल्या ह्या गृहस्थांचें मन समुद्रावर रमे. हिवाळ्यांत ते अटलांटिकच्या कडेस, फ्लॉरिडांतील लाँग की बेटावर, पाठीवर शिडासारखा पर असलेल्या सेलफिश माशांसाठीं गळ टाकीत. १९१७ पासून तेथील मंडळाचे अध्यक्ष ह्या नात्यानें त्यांनीं हलका दोर वापरण्याचा व धरलेला मासा जिवंत सोडण्याचा पुरस्कार केला. १९२४ च्या उन्हाळ्यांत नोव्हा स्कोशियाजवळ त्यांनीं ७५८ पौंडांचा ट्यूना धरून जागतिक उच्चांक केला. १९३९ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, तो उच्चांक पुढें मोडला. मासा सोडून देण्याची रीत मात्र फ्लॉरिडांत आजहि पाळली जाते. हातीं आलेलें सोडण्यासहि सामर्थ्य लागतें.