दहा वर्षांच्या कॅडीची साथ न सोडणारा विजेता

गोल्फमध्ये खेळाडूची पिशवी खांद्यावर वाहणाऱ्या कॅडीचे नाव सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. अमेरिकेचे गोल्फपटू फ्रान्सिस विमेट यांची कहाणी मात्र त्यांच्या कॅडीला वगळून सांगताच येत नाही.

विमेट यांचा जन्म ८ मे १८९३ रोजी बोस्टनजवळील ब्रुकलाइन येथे झाला. वडील माळीकाम करीत. ‘द कंट्री क्लब’ या धनिकांच्या क्लबचे मैदान घरासमोरच होते. पण तेथे विमेट यांना प्रवेश मिळाला तो कॅडी म्हणूनच.

सप्टेंबर १९१३ मध्ये याच मैदानावर अमेरिकन ओपन स्पर्धा झाली. वीस वर्षांचे विमेट तेव्हा क्रीडासाहित्याच्या दुकानात नोकरी करीत. त्यांची पिशवी उचलली ती शाळा बुडवून आलेल्या दहा वर्षांच्या एडी लोवरीने. पिशवी जवळपास त्याच्याच उंचीची होती. चार फेऱ्यांअखेर या हौशी खेळाडूने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्लंडच्या मातब्बर व्यावसायिकांशी ३०४ फटक्यांवर बरोबरी साधली.

निर्णायक फेरीपूर्वी अनुभवी कॅडी घेण्याचा आग्रह विमेट यांना झाला. एडीच्या डोळ्यांत पाणी तरळले. पूर्वी स्वतः पिशव्या वाहिलेल्या विमेट यांनी त्यालाच सोबत नेले. नजर चेंडूवर ठेवा, एवढीच आठवण तो मुलगा करून देत राहिला. २० सप्टेंबरच्या त्या पावसाळी दिवशी विमेट यांनी ७२ फटक्यांत फेरी संपविली; व्हार्डन यांना ७७, तर रे यांना ७८ फटके लागले. अमेरिकन ओपन जिंकणारे विमेट हे पहिले हौशी खेळाडू ठरले.

पुढे १९१४ आणि १९३१ मध्ये त्यांनी अमेरिकेची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकली; पण गोल्फला उपजीविकेचे साधन केले नाही. १९४९ मध्ये त्यांच्या नावाने कॅडींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. १९५१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबचे कर्णधारपद मिळविणारे ते पहिले अमेरिकन ठरले.

लोवरी मोठेपणी कॅलिफोर्नियात मोटारविक्रीच्या व्यवसायात संपन्न झाले. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. २ सप्टेंबर १९६७ रोजी विमेट यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लोवरीही होते.