चांदबीबी : आख्यायिका आणि पुरावा

नगरच्या पूर्वेला डोंगरावर उभी असलेली तीन मजली अष्टकोनी इमारत आपण पाहिलीच असेल. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. मग चांदबीबीविषयी आपण जे ऐकतो, त्यातले खरे किती, हे तपासायला नको का?

चांदबीबी ही हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० साली पतीचा खून झाल्यावर बालराजा इब्राहिमच्या वतीने तिने कारभार पाहिला. १५९५ साली मोगल शहाजादा मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट ढासळताच ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली व रातोरात तट बांधून काढला. १५९६ साली वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० साली मोगल पुन्हा आले. बालराजाला वाचवण्यासाठी ती तहाचा विचार करीत असता, ती फितूर झाली अशी हूल उठली आणि स्वकीयांनीच तिला ठार केले. पुढे किल्लाही पडला.

तिने विहिरीत उडी घेतली, अशीही कथा सांगतात. परंतु समकालीन इतिहासकार फिरिश्ता खुनाचीच हकिकत देतो. अर्थात तो विजापूर दरबारच्या आश्रयाला होता. म्हणून त्याचे लिखाणही मोगल ग्रंथांशी ताडून पाहावे लागते.

पालकहो, कोणी सांगितले, त्याला कसे कळले, हे दोन प्रश्न मुलांना विचारू द्या. न तपासलेल्या हुलीनेच त्या शूर सुलतानाचा बळी घेतला, हे विसरू नका.