चार्ल्स हगिन्स: संप्रेरकांची रसद तोडून कर्करोगाला रोखणारा सर्जन

प्रोस्टेटचा कर्करोग नेहमीच्या संप्रेरक उपचारांना दाद देईनासा झाला, की आज डॉक्टर ॲबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइड या गोळ्यांचा विचार करतात. ही औषधं गेल्या १५ वर्षांतली आहेत, पण त्यांच्या मागचा विचार ८० वर्षांहून जुना आहे. तो मांडणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स ब्रेंटन हगिन्स.

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात झाला. ॲकेडिया विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १९२४ मध्ये डॉक्टर झाले. मिशिगन विद्यापीठात त्यांनी शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलं. तिथेच परिचारिका असलेल्या मार्गारेट वेलमन यांच्याशी ओळख झाली आणि १९२७ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय विभागात हगिन्स रुजू झाले. त्यांच्याकडे मूत्ररोग विभाग सोपवण्यात आला. या शाखेचा त्यांना फारसा अनुभव नव्हता, त्यामुळे पुस्तकं वाचत आणि रुग्ण तपासत ते ती शिकले.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी लहानशी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. हा द्रव कशाच्या जोरावर तयार होतो, हे हगिन्स यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी कुत्रे निवडले. ग्रंथीतला द्रव मूत्रात न मिसळता वेगळा गोळा करण्याची पद्धत त्यांनी १९३९ च्या सुमारास विकसित केली. कुत्र्याचे वृषण काढले, की द्रव आटायचा आणि ग्रंथी आकसायची. टेस्टोस्टेरॉन टोचलं, की द्रव पुन्हा सुरू व्हायचा.

माणसाप्रमाणे कुत्र्यालाही म्हातारपणी प्रोस्टेटच्या गाठी होतात. प्रयोगातल्या काही कुत्र्यांना अशा गाठी होत्या. सुरुवातीला तो प्रयोगातला अडथळा वाटला, पण वृषण काढल्यावर त्या गाठीही लहान होतात, हे हगिन्स यांच्या लक्षात आलं. मग माणसातल्या कर्करोगाचं काय?

त्या काळी शरीरात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर उपायच नव्हता. हा रोग बहुधा हाडांत उतरतो. रुग्ण वेदनांनी अंथरुणाला खिळायचे आणि त्यांना मॉर्फिनवर ठेवावं लागायचं. हगिन्स आणि त्यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स हॉजेस यांनी अशा रुग्णांचे वृषण शस्त्रक्रियेने काढले किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिलं. फरक मोजण्यासाठी त्यांनी रक्तातल्या ॲसिड फॉस्फेटेज या विकराचा आधार घेतला. रोग पसरल्यावर त्याचं प्रमाण वाढतं, हे आधीच माहीत झालं होतं. वृषण काढल्यावर किंवा इस्ट्रोजेन दिल्यावर ते उतरलं, तर पुरुषी संप्रेरक टोचल्यावर चढलं. हे निष्कर्ष १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २१ रुग्णांवरच्या शस्त्रक्रियांचा अहवालही आला. त्यातल्या बहुतेकांना आराम पडला होता. काहींच्या वेदना तर थोड्याच दिवसांत कमी झाल्या होत्या.

कर्करोगाची पेशी एकदा बिथरली, की ती शरीराचं कुठलंच नियंत्रण मानत नाही, अशी तेव्हा समजूत होती. प्रत्यक्षात काही कर्करोग शरीरातल्या संप्रेरकांवर जगतात आणि ती रसद तोडली, की मागे हटतात, हे हगिन्स यांनी दाखवून दिलं.

पण हे यश कायमचं नव्हतं. बहुतेक रुग्णांत काही काळाने रोग पुन्हा डोकं वर काढायचा. वृषण नसताना पुरुषी संप्रेरकं येतात कुठून? हगिन्स यांचं लक्ष मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे गेलं. याही ग्रंथी थोड्या प्रमाणात पुरुषी संप्रेरकं तयार करतात. १९४५ मध्ये त्यांनी आणि विल्यम स्कॉट यांनी काही रुग्णांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढल्याचा अहवाल दिला. परिणाम वाईट झाला. याच ग्रंथी जगण्यासाठी अत्यावश्यक असलेलं कॉर्टिसोलही बनवतात, आणि ते बाहेरून देण्याची सोय तेव्हा नव्हती. रुग्ण वाचले नाहीत. पुढे कॉर्टिसोन उपलब्ध झाल्यावर, १९५० च्या दशकात, हगिन्स यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा केली आणि स्तनाच्या कर्करोगातही वापरली. तेव्हा काही रुग्णांना तिचा फायदा झाला.

१९५१ पासून १९६९ पर्यंत ते शिकागोतल्या बेन मे कर्करोग संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. १९६६ मध्ये त्यांना पेटन राउस यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. मूळ शोधाला तेव्हा २५ वर्षं झाली होती. १२ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, शिकागोत त्यांचं निधन झालं.

हगिन्स यांचा अपुरा राहिलेला धागा नव्या औषधांनी पुढे नेला. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत शोधलेलं ॲबिराटेरोन हे पुरुषी संप्रेरकं बनवायला लागणारं एक विकर बंद पाडतं. त्यामुळे वृषण, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठ, या तिन्ही ठिकाणची निर्मिती थांबते. १९४५ मध्ये सुरीने जे साधायचं होतं, ते आता गोळी करते. या औषधामुळे कॉर्टिसोलही घटतं, म्हणून सोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड द्यावं लागतं. एन्झालुटामाइडची रीत वेगळी आहे. ते संप्रेरक पेशीतल्या ज्या ग्राही रेणूला चिकटतं, तो ग्राहीच अडवून धरतं. अपालुटामाइड आणि डॅरोलुटामाइड ही त्याच कुळातली पुढची औषधं.

अमेरिकेत ॲबिराटेरोनला २०११ मध्ये, तर एन्झालुटामाइडला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपी घेऊनही रोग वाढलेल्या रुग्णांच्या चाचण्यांत या दोन्ही औषधांनी आयुष्य सरासरी चार ते पाच महिन्यांनी वाढवलं. पुढे रोगाच्या आधीच्या टप्प्यावर ती सुरू केल्यावर अधिक लाभ दिसला. मात्र ॲबिराटेरोनमुळे रक्तदाब वाढणं, पोटॅशियम घटणं, यकृतावर ताण येणं, तर एन्झालुटामाइडमुळे थकवा आणि क्वचित आकडी येणं, असे त्रास होऊ शकतात. म्हणून नियमित तपासण्या लागतात आणि औषधाची निवड कर्करोगतज्ज्ञच करतात.

या औषधांनाही रोग कालांतराने दाद देईनासा होतो. तसं झालं, की डॉक्टर आणि संशोधक आजही हगिन्स यांचाच प्रश्न पुन्हा विचारतात: आता या गाठीला खाद्य मिळतंय कुठून?